ज्येष्ठांसाठी दर ऋतूत आरोग्य शिबिर घ्यावं का? लष्करमधल्या एका मंडळाला उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात तुमचं मराठी मंडळ आहे. जनकगंज, दौलतगंज, चिटणीसांची गोठ या बाजूच्या जुन्या गल्ल्यांत बरीच घरं अशी उरली आहेत, जिथे फक्त सत्तरीच्या पुढचे आई-वडील राहतात. मुलं पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून साठेक हजार शिल्लक आहेत आणि त्यातून उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अशी वर्षाला तीन आरोग्य शिबिरं घ्यावीत असा विचार आहे. तपासण्या कोणत्या ठेवाव्यात, तज्ज्ञ कोणते बोलवावेत, महिना कोणता धरावा, असं तुम्ही विचारलंय.

मी आधी सरकारी दवाखान्यात होते आणि आता बरीच वर्षं लष्करमध्येच जनरल प्रॅक्टिस करते. शिबिरं भरपूर केली आहेत. त्या अनुभवावरून सांगते, तपासण्यांची यादी हा इथे खरा प्रश्न नाही. शिबिराला जो येतो, तो चालत येऊ शकणारा माणूस असतो. त्याला तपासून घ्यायची हौसही असते. तुम्ही ज्यांच्या काळजीनं हे लिहिलंय, म्हणजे दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, गुडघ्यांमुळे महिनोन्‌महिने खाली न उतरलेल्या काकू, त्या मंडपात येणारच नाहीत. जे येतील त्यांची साखर २१० निघाली, तर कागदावर लिहून त्यांना ‘डॉक्टरांना दाखवा’ म्हणून सांगितलं जाईल. पुढे त्यांनी दाखवलं का, गोळी सुरू झाली का, महिन्याभरात संपली तेव्हा पुन्हा आणली का, हे विचारणारं कुणी नसतं. रक्तदाबाचंही तसंच. गर्दीत, जिना उतरून आल्याबरोबर घेतलेल्या एका आकड्यावर रक्तदाबाचा आजार ठरवायचा नसतो. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी, पाच मिनिटं शांत बसवून मोजावं लागतं.

म्हणून खरा प्रश्न असा: दोन शिबिरांच्या मधल्या चार महिन्यांत या माणसांकडे कोण बघतं? ग्वाल्हेरचं हवामान लपूनछपून येत नाही. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या वर जाणार, पाऊस ओसरता ओसरता डेंग्यू येणार, जानेवारीत धुकं आणि किमान तापमान पाच अंशांच्या खाली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तारीख माहीत असलेल्या संकटाची तयारी संकट येण्याआधी महिनाभर, त्या माणसाच्या घरात जाऊन करावी लागते. माझा सल्ला सरळ आहे. या वर्षी शिबिरं बाजूला ठेवा आणि एक वही करा.

किती घरं, किती कार्यकर्ते, त्यात दिवसा मोकळे किती आणि बायका किती, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. एकट्या राहणाऱ्या आजींच्या घरी दोन अनोळखी तरुण गेले तर दार उघडत नाही, आणि ते बरोबरच आहे. त्यामुळे भिशीच्या, भजनी मंडळाच्या बायका यात आल्या तर काम निम्मं सोपं होतं. घरं शंभराच्या वर असतील तर सगळी एकदम घेऊ नका. आधी फक्त एकटे राहणारे आणि अंथरुणाला खिळलेले घ्या. तीस घरं नीट सांभाळणं हे तीनशे लोकांच्या शिबिराहून कितीतरी मोठं काम आहे.

वहीत प्रत्येक घराला एक पान. नाव, वय, आजार हे तर आलंच. शिवाय मजला कितवा, छत कसलं, कूलर चालतो का, रात्री संडासला उठावं लागतं का, कानाला ऐकू येतं का, दुसरी किल्ली कुणाकडे आहे, मुलाचा किंवा मुलीचा फोन कोणता आणि हाकेच्या अंतरावरचा माणूस कोण. मुलगा बंगळुरूहून विमानानं संध्याकाळपर्यंत येईल. दुपारी दोन वाजता दार उघडणारा शेजारी वेगळा लागतो, आणि त्याचं नाव आधीच लिहिलेलं असावं लागतं.

पानाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग औषधांचा. तोंडी विचारून लिहू नका, डबा समोर मागा. माझ्या एका पेशंट बाईंचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा मी एकदा पलंगावर रिकामा केला होता. त्यात टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्या गोळीच्या दोन स्ट्रिप निघाल्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, दोन वेगळ्या रंगांच्या. एक जुन्या डॉक्टरांची, एक हॉस्पिटलातून सुटताना दिलेली. बाई दोन्ही नेमानं घेत होत्या आणि सकाळी उठलं की चक्कर येते म्हणून तिसऱ्या डॉक्टरांकडून चक्करेची गोळी घेत होत्या. त्या तिन्ही डॉक्टरांपैकी कुणीही डबा पाहिला नव्हता. तुमच्या कार्यकर्त्यांनी औषधांवर मत द्यायचं नाही. स्ट्रिपवरचं बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम उतरवून घ्यायचं, फोटो काढायचा आणि तो त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवायचा. एवढ्यानं जे हाती लागतं ते शिबिरातल्या ईसीजीनं सहसा लागत नाही.

आता सरकारी सेवांबद्दल. १९४६ पासून वैद्यकीय महाविद्यालय असलेलं हे शहर आहे. गजराराजा महाविद्यालय, जयारोग्य रुग्णालय आणि त्याच आवारातलं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल लष्करच्या माणसाला कंपू भागापर्यंत गेलं की मिळतं. मुरारला जिल्हा रुग्णालय आहे. आपल्या गल्ल्यांची अडचण पलंगापासून गल्लीच्या तोंडापर्यंतच्या अंतराची आहे. शिवाय वॉर्डातलं मुख्यमंत्री संजीवनी क्लिनिक बऱ्याच मराठी घरांना ठाऊकच नसतं. ‘ते आपल्यासाठी नाही’ अशी एक समजूत आहे, ती सोडा. तिथे रक्तदाब-मधुमेहाची तपासणी आणि नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात. वस्तीत फिरणाऱ्या आशा किंवा उषा कार्यकर्तीला (सरकारी आरोग्य योजनेतली स्वयंसेविका) मंडळाच्या पुढच्या बैठकीला सन्मानानं बोलवा. तिच्याकडे घरांची यादी असते, तुमच्याकडे माणसं आहेत. दोन्ही जुळवलंत तर तिचंही ओझं हलकं होईल.

२०१७ साली देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला, त्यात मध्य प्रदेश पहिल्या पाच राज्यांत होता. त्याची रचना अगदी साधी आहे: ठरावीक औषधं, प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड आणि ठरल्या तारखेला जो आला नाही त्याचा पाठपुरावा. तुमच्या वहीचंही काम नेमकं हेच.

ऋतूंकडे वळते. उन्हाळ्यावर जरा सविस्तर लिहिते, कारण म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

लू, म्हणजे ऊन, लागते ती उन्हात फिरणाऱ्यांना, घरात बसलेल्यांना कशी लागेल, असं आपल्याकडे धरून चालतात. मजुरांना आणि खेळाडूंना ती उन्हात, तासा-दोन तासांत लागते हे खरं. म्हाताऱ्यांना मात्र घरातल्या घरात, तीन-चार दिवसांत हळूहळू लागते. आपल्या जुन्या घरांत वरच्या मजल्याला दगडी पाट्यांचं छत असतं. ते दिवसभर तापतं आणि रात्री दोनपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतं. रात्रही गरम असेल तर शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. वयानुसार तहान कमी लागते, घाम कमी येतो. वर रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणीच प्यायचं नाही, ही सवय तर घरोघरी आहे. म्हणून वहीत मजला आणि छत लिहायला सांगितलं. ज्यांच्या डोक्यावर थेट छत आहे, त्यांचा पलंग एप्रिलमध्येच खालच्या खोलीत आणायचा. अंगणाच्या बाजूची खोली असेल तर उत्तम. नसेल तर छतावर चुना मारायचा, दुपारी खिडक्या-पडदे बंद, रात्री उघड्या.

कूलर आपल्या कोरड्या उन्हाळ्यात छान काम करतो, पण समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवलं तरच. बंद खोलीत तो नुसती दमट हवा फिरवतो. पंखा मात्र तापमान ४० अंशांच्या वर गेलं की एकटा पुरत नाही, गरम वाराच अंगावर फेकतो. अशा वेळी पंख्याखाली बसायचं तर अंगावर ओला पंचा घ्यावा.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. रक्तदाबासाठी बऱ्याच जणांना लघवी वाढवणारी गोळी असते, हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन. उन्हाळ्यात घाम जातो, जेवण कमी होतं, रक्तदाबही एरवीपेक्षा खाली येतो, आणि गोळी मात्र जानेवारीचीच चालू राहते. मग चक्कर, तोल जाणं, बाथरूममध्ये पडणं आणि खुब्याचं हाड. कधी रक्तातलं सोडियम इतकं उतरतं की माणूस असंबद्ध बोलू लागतो आणि घरचे समजतात की वयामुळे विसरायला झालंय. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, पण एप्रिलमध्ये एकदा रक्तदाब मोजून डॉक्टरांना विचारायचं, ‘उन्हाळ्यात हाच डोस ठेवायचा का?’ हा एक प्रश्न प्रत्येक पानावर लिहून ठेवा.

पन्हं, ताक, शिकंजी सगळं चांगलं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हं असतंच, तोच दिवस वस्तीतल्या आज्यांची विचारपूस करायला सोयीचा. फक्त मधुमेह असलेल्यांना गुळाचं पन्हं पेलाभर नको. ताक मीठ-जिरं घालून द्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल आणि पाणी मोजून सांगितलं असेल, तर ‘भरपूर पाणी प्या’ हा सरसकट सल्ला देऊ नका. त्यांच्या डॉक्टरांनी उन्हाळ्यासाठी किती वाढवायला सांगितलंय ते लिहून घ्या. ओआरएस घ्यायचं ते पावडरचं पाकीट, त्यावर लिहिलेल्या मापाइतक्याच पाण्यात. डब्यात मिळणारी गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेनं अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली, ती याचसाठी. खिशात कांदा ठेवल्यानं अपाय नाही, पण त्याच्या भरवशावर दुपारी बाहेर पडू नये.

इन्शुलिन घेणाऱ्यांच्या घरी फ्रिज चालतो का ते बघा. मे महिन्यात आपल्या खोल्या ३५-४० अंशांवर असतात, तिथे तशीच बाहेर ठेवलेली इन्शुलिनची बाटली (व्हायल) निकामी होते आणि साखर का वाढली हे कळत नाही. फ्रिज नसेल तर मातीचं मडकं, बाहेरून ओलं फडकं, आत प्लॅस्टिकच्या डब्यात व्हायल, सावलीत. फ्रिज असेल तर दारात ठेवा, बर्फाच्या खणात कधीही नको.

आणि हे प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवं: अंग भाजल्यासारखं गरम आणि सोबत बोलणं असंबद्ध किंवा गुंगी, तर तो उष्माघात समजायचा. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं समजू नका. १०८ ला फोन लावायचा आणि गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. कपडे सैल करून अंगभर पाणी ओतायचं, जोरात वारा घालायचा, काखेत, मानेला, जांघेत बर्फाच्या पिशव्या. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. पॅरासिटामॉलनं हा ताप उतरत नाही, त्याच्यात वेळ घालवू नका. पहिल्या अर्ध्या तासात अंग किती थंड केलं यावर माणूस वाचणं अवलंबून असतं.

अहमदाबादनं २०१० च्या मे महिन्यातल्या भयंकर लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णतेसाठी शहराची कृती योजना केली. त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट अशी की इशारा आला की कुणी काय करायचं हे आधीच ठरलेलं असतं. तुमच्यासाठी त्याचा अर्थ एवढाच: हवामान खात्यानं लाटेचा इशारा दिला की वहीतल्या प्रत्येक घरी सकाळ-संध्याकाळ एक फोन. फोन उचलला नाही तर किल्लीवाला शेजारी जाऊन बघेल. फोनवर ‘बरं आहे का’ विचारू नका, सगळे ‘बरं आहे’च म्हणतात. ‘दुपारपासून लघवीला कितीदा गेलात?’ असं विचारा.

पावसाळ्यात हाच कूलर शत्रू होतो. जुलैत हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो, लोक बटण बंद करतात आणि टाकीतलं पाणी तसंच राहतं. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. ही अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात, काळ्या ठिपक्यांसारखी, आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. म्हणून नुसती टाकी उलटी करून भागत नाही. आतल्या कडेनं, जिथे पाण्याची पांढरी रेघ उमटलेली असते तिथे, काथ्यानं किंवा ताठ ब्रशनं घासायचं, पुसायचं, उन्हात वाळवायचं आणि जुनी खस किंवा गवताचे पॅड काढून टाकायचे. ज्यांना वाकता येत नाही, त्यांच्याकडून हे होणार नाही. मंडळाच्या चार तरुणांनी आषाढी एकादशीच्या आसपासचा एक रविवार यासाठी काढला आणि वहीतल्या सगळ्या घरांचे कूलर घासून कोरडे करून ठेवले, तर पुढच्या तीन महिन्यांचा धोका खूप कमी होईल. या एका रविवारसाठी मी आनंदानं तुमच्याबरोबर येईन.

कूलरइतकंच लक्ष पाणी साठवण्याकडे हवं. तिघरा धरणाचं पाणी कमी पडून नळ एक दिवसाआड येतो तेव्हा घरोघरी ड्रम, हौद, पितळी हंडे भरलेले असतात. पाणी साठवू नका असं सांगणं चुकीचं, ते साठवावंच लागतं. झाकण घट्ट हवं, नाहीतर तोंडाला जुनं सुती लुगडं बांधा, आणि आठवड्यातून एक दिवस भांडं रिकामं करून घासा. अंड्यातून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा. हा डास दिवसा चावतो, तेव्हा दुपारी झोपणाऱ्या आजोबांना मच्छरदाणी रात्रीइतकीच दुपारीही लागते.

ताप आला तर काय? प्लेटलेटच्या आकड्यामागे सगळं शहर धावतं. मी मात्र ताप उतरल्यानंतरच्या दोन दिवसांवर नजर ठेवायला सांगते. डेंग्यूत धोका ताप असताना कमी आणि तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरताना जास्त असतो. घरचे ‘ताप गेला’ म्हणून निश्चिंत होतात आणि नेमकं तेव्हाच पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, काळी शौच, कमालीची मरगळ किंवा अस्वस्थता सुरू होते. यातलं एकही लक्षण दिसलं की रुग्णालयात, आकडा काहीही असो. तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्या नकोत. हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्या ज्येष्ठांचा मुद्दा वेगळा. ती गोळी मनानं बंद करायची नाही, पण ताप आला त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं की ही गोळी चालू आहे. वहीत त्या नावांवर लाल खूण करून ठेवा. पपईच्या पानांच्या रसाचं मला दरवर्षी विचारतात. ज्याला उलट्या होताहेत त्याला तो कडू रस पाजून आणखी उलट्या करवू नका, त्यापेक्षा चमचा-चमचा ओआरएस द्या. डेंग्यूची रक्ततपासणी पहिल्या पाच दिवसांत एनएस-वन नावाची, त्यानंतर आयजीएम, आणि शक्यतो प्रयोगशाळेतल्या एलायझा पद्धतीची.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर एप्रिलमध्ये पलंग, गोळ्या आणि फोनची साखळी. जुलैच्या तोंडाशी कूलर आणि हंडे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तापाच्या प्रत्येक माणसावर आठवडाभर नजर.

हिवाळ्याची फेरी दसरा ते दिवाळीच्या मध्ये करा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि उन्हाळ्यात कमी केलेली गोळी तशीच कमी राहिलेली असते. हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात मी डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे सर्वांत जास्त पाहते. म्हणून एप्रिलमधला प्रश्न नोव्हेंबरमध्ये उलटा विचारायचा: ‘थंडीत डोस वाढवायचा का?’ कार्तिकातली काकड आरती, पहाटेची अंघोळ यांत श्रद्धा आहे आणि मी कुणाला मोडता घालत नाही. पण हृदयाचा आजार असलेल्यांनी उबदार पाण्यानं, बाथरूम आधी गरम करून अंघोळ करावी, आणि फिरायला धुकं हटून ऊन पडल्यावरच निघावं. धुक्याच्या सकाळी हवेतला धूर-धूळ खाली बसलेली असते, दमेकऱ्यांना ती लगेच बाधते.

शेगडीबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणं जीवघेणं आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, खोकला येत नाही. माणूस झोपेतच जातो. बाथरूममधल्या गॅस गिझरचंही तेच, झरोका नसेल तर तो आत नकोच. हिवाळ्याच्या फेरीत तुमच्या माणसांनी प्रत्येक घरी विचारायचं, ‘रात्री ऊब कशानं घेता?’ आणि बाथरूम स्वतः डोकावून बघायचं. शेगडी असेल तर मंडळाच्या खर्चानं ऑइल हीटर द्या किंवा दोन चांगल्या रजया. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांना गरम पाण्याची पिशवी देऊ नका. भाजलेलं त्यांना कळत नाही आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. लोकरीचे मोजे पुरे.

झटक्याची लक्षणं वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. छातीत दुखणं सगळ्यांना माहीत असतं. मधुमेही म्हाताऱ्यांना कित्येकदा दुखतच नाही, नुसता दम लागतो, घाम फुटतो, पोटात ढवळतं. पक्षाघातात तोंड वाकडं, एक हात लुळा, जीभ जड. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. लक्षणं सुरू झाल्याची वेळ मात्र लिहून ठेवायची, रुग्णालयात पहिला प्रश्न तोच असतो.

फ्लूच्या लशीसाठी, आणि न्यूमोनियाच्या न्यूमोकोकल लशीसाठीही, सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. आणि इथे मात्र शिबिर घ्यायला माझी पूर्ण संमती आहे. लस त्याच दिवशी टोचून होते, काम पुरं होतं. मोतीबिंदूचंही तसंच, तपासणाऱ्या संस्थेनं ऑपरेशनची तारीख, नेणं-आणणं आणि नंतरची तपासणी लेखी दिली तर. ज्या शिबिराचा शेवट कुठे होतो हे आधी सांगता येतं ते घ्या.

आयुष्मान कार्डाचं काम विसरू नका. २०२४ च्या ऑक्टोबर अखेरीपासून ७० आणि त्यावरच्या वयाच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे मोफत उपचार मिळतात. त्याचं वेगळं ‘वय वंदना’ कार्ड निघतं. आपल्याकडच्या पेन्शनर घरांत ‘आपण गरीब नाही, आपल्याला मिळणार नाही’ म्हणून कुणी चौकशीच करत नाही. वय आधार कार्डावरून धरतात, तेव्हा आधारवर जन्मतारीख चुकली असेल तर आधी ती दुरुस्त करा. अंगठ्याचे ठसे झिजलेल्यांना ओटीपी किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवता येते, ओटीपीसाठी मोबाइल आधारशी जोडलेला हवा. हे सगळं माणूस आयसीयूत असताना करायचं नसतं.

आता तुमचे साठ हजार. दंडाला बांधायची दोन चांगली रक्तदाबाची यंत्रं, मनगटाची नकोत. एक पल्स ऑक्सिमीटर, थर्मामीटर, खोलीचं तापमान दाखवणारी काही साधी यंत्रं, ओआरएसची पाकिटं आणि ज्यांना गरज आहे त्यांच्या संडास-बाथरूमला धरायच्या दांड्या. एवढं पंधरा-वीस हजारांत बसेल. उरलेले पैसे मंडपावर आणि बॅनरवर न घालता एका निवृत्त नर्सच्या मानधनासाठी ठेवा. आठवड्यातून दोन अर्धे दिवस ती वहीतल्या घरी जाईल, रक्तदाब-साखर मोजेल, पायाच्या जखमा बघेल, काही वावगं वाटलं तर मला किंवा ज्यांच्या-त्यांच्या डॉक्टरांना कळवेल. लष्करमध्ये अशा अनुभवी बायका आहेत आणि त्यांना काम हवंही आहे. वर्षभर पुरणार नाहीत, पण बाहेरगावच्या मुलांना महिन्याला थोडी वर्गणी मागा. आई-वडिलांकडे कुणीतरी जातंय हे कळलं की ती नाही म्हणत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

वहीबद्दल एक अट पाळा. त्यात माणसांचे आजार आहेत, किल्ल्या कुणाकडे आहेत हे आहे. प्रत्येकाची परवानगी घेऊन, त्यांच्यासमोर लिहा आणि ज्यांना नको त्यांना सोडून द्या. वही एकाच जबाबदार माणसाकडे, कुलपात. पानांचे फोटो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीही टाकू नका. ज्या काकूंच्या कॅथेटरची चर्चा ग्रुपवर झाली, त्या पुन्हा दार उघडणार नाहीत.

पाडव्याच्या महिनाभर आधी सुरुवात केलीत तर उन्हाळ्याआधी तीस घरं सहज होतील. पहिली पाच पानं भरली की औषधांच्या याद्या नाव झाकून मला दाखवा. कुठली नावं लगेच डॉक्टरांकडे न्यायला हवीत ते मी खूण करून सांगेन.